ठाण्याचा कारागीर

या थंडीतली पहिली तुटलेली रॅकेट काल दुकानात आली.

थंडी म्हणजे आपली डोंबिवलीची. पहाटे नळाचं पाणी बोटांना बोचतं, दूधवाला कानाला रुमाल गुंडाळून येतो, आणि दहाच्या सुमाराला सगळं विरून जातं. पण तेवढीही आम्हाला पुरते. पावसाळाभर सोसायट्यांच्या आवारात चिखल, ऑक्टोबरात घामाच्या धारा. मग एका संध्याकाळी वारा पडतो आणि कुठल्यातरी बिल्डिंगच्या दोन खांबांना बॅडमिंटनची जाळी बांधलेली दिसते. वॉचमन चुन्याच्या रेघा ओढतो. पांढरे दिवे लागतात. आणि तो आवाज सुरू होतो. टप्. टप्. लांबून ऐकलं तर कुणी गच्चीवर गादी झटकतंय असं वाटतं. तो कानावर पडला की माझ्या हाताची बोटं नकळत एकमेकांवर घासू लागतात. काम येणार हे त्यांना माझ्याआधी कळतं.

आमचं दुकान खेळाच्या सामानाचं. लहानसंच आहे. पुढे काचेच्या कपाटात शटलचे डबे, कॅरमच्या सोंगट्या, दोरीउड्यांच्या दोऱ्या. मागे गटिंगचं मशीन. रॅकेटच्या तारांना धंद्यात गट म्हणतात आणि त्या भरण्याला गटिंग. मी मात्र तारच म्हणते. तार म्हटलं की ती तुटू शकते हे लक्षात राहतं.

थंडीत तारा जास्त तुटतात. सकाळच्या गारव्यात त्या ताठ होतात आणि पहिल्याच जोरदार फटक्याला जातात. मग माणसं रॅकेट घेऊन येतात. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. बँकेत साहेब असलेला माणूसही शाळेत पाटी फोडल्यासारखा उभा राहतो.

"आपोआप तुटली हो. नुसती उचलली आणि टण्ण!"

"मी मारलीच नाही जोरात. आपोआप गेली."

सगळ्यांच्या तारा आपोआप तुटतात. इतक्या वर्षांत "माझ्यामुळे तुटली" असं म्हणत आलेला एकही माणूस मला आठवत नाही. मी कुणाला काही बोलत नाही. पण तुटलेलं टोक बोटात धरून उजेडाकडे नेलं की कळतं. फटका मधे न बसता कडेला बसला असेल तर टोक एका बाजूने चिरडलेलं असतं. फ्रेमच्या भोकात प्लॅस्टिकची बारीक नळी असते. ती झिजली असेल तर तार भोकाशी कापली जाते. आणि भरणाऱ्याच्या आरीचं टोक लागलं असेल तर तिथे पांढरा ओरखडा राहतो. आपोआप काही तुटत नाही. कारण असतंच. ते सांगायला तोंड उघडावं लागतं, एवढंच अवघड असतं.

आणि तोंड उघडणं मला कधी जमलं नाही.

माझं माहेर ठाण्याचं, खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. चौथीत असताना आमच्या गुरुजींनी मला कविता म्हणायला उभं केलं होतं. कविता मला सगळी पाठ होती. ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. मागच्या बाकावरच्या पोरी खुदखुदल्या. गुरुजी वाईट नव्हते, त्यांनी मारलं नाही. "बस," एवढंच म्हणाले. त्या बस म्हणण्यावर मी जी बसले ती बसलेच. पाचवीची शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. मी जात नाही म्हटलं. आये म्हणाली, नको तर नको. ती मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली आणि मी बाबांच्या शेजारी जाळं विणायला बसले.

खाडीत तेव्हाच मासा कमी व्हायला लागला होता. पाण्यावर कधी कधी रंगीत साय यायची आणि वास नाकात जायचा. पण बाबा जाळं मात्र रोज मांडीवर घ्यायचे. लाकडी सुई, नायलॉनचा दोरा आणि घरांमागून घरं. जाळ्यातल्या भोकाला आम्ही घर म्हणतो. मला ते काम आवडायचं. त्यात बोलावं लागत नाही. बाबाही कमीच बोलायचे, पण एक गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल.

"पोरी, फाटलंय तवरंच कार गो. चांगल्या घराला कातर लावू नको." म्हणजे फाटलंय तेवढंच काढ.

आणि दुसरी एक: "चुकलेला घर मासा बरोबर शोधतो."

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. आमचे हेसुद्धा खाडीकाठच्या गावातलेच, पण जाळ्याला कधी हात न लावलेले. ते ठाण्याला एका दुकानात गटिंग शिकले आणि मग स्वतःचा गाळा घेतला. मी दुकानात यायचे ती डबा घेऊन. मागे बसून त्यांच्याबरोबर दोन घास खायचे आणि घरी. गिऱ्हाईक आलं की मी भिंतीकडे तोंड करून डबा घासत असल्यासारखं करायचे.

मला आठवते ती थंडी चार वर्षांपूर्वीची. नोव्हेंबर संपत आला होता. दुकानाचं शटर वर सरकवताना हातातून निसटलं आणि ह्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर आलं. हाडं मोडली. दोन्ही बोटं, तळवा, सगळं प्लास्टरमध्ये. ऐन हंगामात. समोरच्या कपाटावर अकरा रॅकेटी भरायच्या पडलेल्या, आणि पुढे सव्वीस जानेवारी. सव्वीस जानेवारीला आमच्याकडे प्रत्येक सोसायटीत सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण आणि त्या आठवड्यात स्पर्धा. रॅकेटवाल्याची खरी दिवाळी तीच.

ह्यांची दोन बोटं बाजूला झाली आणि घरातला ताण कुठून कुठे गेला ते मला दिसलं. ते चिडचिडे झाले. शर्टाची बटणं मी लावायची, चहाचा कप मी धरायचा, आणि त्यांनी माझ्यावरच ओरडायचं. मी गप्प बसले की आणखी ओरडायचं. चौथ्या दिवशी ते एकदम म्हणाले, "मंगल, तू का नाय भरत? जाळीवाल्याची पोरगी ना तू?"

मी म्हटलं, "लोकांसमोर?"

"मागे बस. पडदा लावतो."

निळ्या फुलांची जुनी चादर होती, तिचा पडदा झाला. पडद्याखालून माझी जोडवी दिसू नयेत म्हणून मी पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवायचे. आणि हे पुढे उभे राहून प्लास्टर दाखवत सांगायचे, "काळजी नका करू. कारागीर ठेवलाय. ठाण्याचा आहे."

"कुठाय? दिसत नाही."

"आत बसतो. लाजतो जरा."

"कारागीर लाजतो?"

"कलाकार माणूस आहे."

मी आत पदराचा बोळा तोंडाला लावून बसायचे.

शिकवणं म्हणजे ह्यांचं नुसतं तोंड. मशीनवर रॅकेट आडवी बसवून चारी बाजूंनी आवळायची. तार भोकातून काढायची, दांड्याचं वजन हळू खाली सोडून ताणायची, चिमट्याने धरायची, मग पुढची. आधी बावीस उभ्या. मग त्यांच्यातून एक वरून एक खालून करत आडव्या.

"हं, आता सोड वजन. सावकाश. अगं, सावकाश म्हणजे झोपू नको!"

"तुटली तर?"

"तुटली तर तुटली. दुकान नाय तुटत."

पहिल्या दिवशी तीन तुटल्या. पहिली ताणतानाच गेली. कान बधिर करणारा आवाज झाला आणि मनगटावर लाल वळ उठला. दुसरी आरीमुळे. एका भोकातून दोन तारा जायच्या असतात तिथे जागा करायला आरीचं टोक घालावं लागतं. मी घातलं आणि आधीच्या तारेला ते लागलं. दिसलं नाही, पण तीन तारांनंतर तिने सांगितलंच. तिसरी माझ्या घाईने. आडवी तार भराभर ओढली, ती उभीवर घासली, बारीक पांढरी भुकटी पडली आणि उभी तारच मधून गेली. चौथ्यांदा सगळं नीट झालं असं वाटलं. शेवटची गाठ मारली, हातात घेऊन बघते तर मधे एके ठिकाणी सलग दोन तारा वरूनच गेलेल्या. बाबांचा मासा मला तिथे भेटला. सगळी उसवली आणि पुन्हा भरली.

हे रागावले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा रागावले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी माझ्या मनगटाला खोबरेल लावलं आणि म्हणाले, "मी शिकत असताना सात तोडलेल्या. मालकाने मला चहा पण नाय दिलेला."

हळूहळू हात बसला. जाळ्याच्या बोटांना वर-खाली शिकवावं लागत नाही. डिसेंबरच्या शेवटी मी दिवसाला चार रॅकेटी भरू लागले. भरून झाली की तळहाताने तारांवर हलकेच मारायचं, ती गाते. बावीस पौंड ताणाची वेगळी, चोवीसची वेगळी. मला आकडे ऐकून कळू लागले. पुढे गिऱ्हाइकं म्हणत, "तुमच्या कारागिराचा हात चांगला आहे हो." हे म्हणत, "ठाण्याचा आहे ना." मी मागे बसून पुढची तार ताणायचे. ते दिवस सुखाचे होते. कुणी बघत नव्हतं, आणि चांगलं म्हणत होतं. मला आणखी काही नको होतं.

एक गोष्ट मात्र मी कधी केली नव्हती. जुन्या तारा कापायचं काम हे स्वतः करायचे, डाव्या हाताने कात्री धरून. रॅकेट माझ्याकडे यायची ती मोकळी, नुसती फ्रेम.

मोघे बाई आमच्या मागच्या सोसायटीत राहतात. शाळेत बाई होत्या, निवृत्त झाल्या. पंजाबी ड्रेस, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी घातलेला. त्या आल्या की मी पडद्याआडही पाठ ताठ करून बसायचे. त्यांच्या सोसायटीत बायकांच्या डबल्समध्ये त्या आणि त्यांची शेजारीण खेळायच्या आणि दर वर्षी डी विंगच्या बायकांकडून हरायच्या. त्या वर्षी हरायचं नाही असं ठरलं होतं.

मॅचला तीन दिवस उरलेले असताना त्यांनी रॅकेट आणून दिली. वरच्या बाजूची एक आडवी तार तुटलेली. दोन आठवड्यांपूर्वी मीच भरलेली होती ती.

"उद्या अकराला येते," त्या म्हणाल्या.

हे दुपारी प्लास्टर दाखवायला कल्याणला डॉक्टरकडे गेले. जाताना म्हणाले, "आल्यावर कापून देतो, मग भर." त्यांना उशीर होऊ लागला. मी रॅकेट हातात घेतली. एक तार तुटलेली, पण बाकीच्या? कोऱ्या. पांढऱ्याशुभ्र. अजून गात होत्या. एवढ्या चांगल्या तारा कापून कचऱ्यात टाकायच्या? माझ्या कानात बाबा बोलले. फाटलंय तवरंच कार.

मी कात्री घेतली. तुटलेली आडवी काढली, तिच्या आजूबाजूच्या सैल झालेल्या चार-पाच काढल्या, खालच्या आडव्या आणि सगळ्या उभ्या तशाच ठेवल्या. वरचा भाग मोकळा झाला. तिथे नवा तुकडा भरून गाठी मारू असं मनाशी ठरवलं. मला मनातून बरं वाटत होतं. आपण काहीतरी वाचवलं. ह्यांचा फोन आला, डॉक्टरकडे गर्दी आहे, तू दुकान बंद करून घरी जा. मी रॅकेट खिळ्याला अडकवली आणि गेले.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा ती रॅकेट वेगळीच कुणीतरी होती. कुणी डोक्यावर तळहात ठेवून दाबल्यासारखी वरून बसकी. एक खांदा बाहेर आलेला. आणि त्या खांद्यावर, नखाने रेघ ओढावी तसा, तडा.

ह्यांनी ती खिळ्यावरून काढून उजेडात धरली.

"मंगल, सगळ्या का नाय कापल्यास?"

"चांगल्या होत्या."

"चांगल्या होत्या!" ते स्टुलावर बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, उभ्या तारा फ्रेमला वरून खाली ओढतात. आडव्या कडेनं आवळून धरतात. दोघी एकमेकींना धरून असतात म्हणून ती गोल राहते. तू वरच्या आडव्या काढल्यास, उभ्या ओढतच राहिल्या. एक तुटली की सगळ्या कापायच्या. लगेच. मधनं सुरू करून कडेला."

मला ते ऐकताना जाळं दिसत होतं. जाळ्यात प्रत्येक घराला स्वतःची गाठ असते. एक फाटलं तरी शेजारचं आपल्या जागी उभं राहतं. रॅकेटला तसं काही नाही. एकच तार सगळीकडून फिरलेली, आणि सगळा जीव ताणावर. तिथे वाचवायला गेलं की मोडतं.

"मी बघतो," हे म्हणाले. "फ्रेमला आधीच तडा होता सांगू."

"नव्हता."

"ठाऊकाय मला नव्हता! आत बस तू."

मोघे बाई बरोबर अकराला आल्या. मी पडद्यामागे पाय वर घेऊन बसले. रिकाम्या मशीनचा दांडा धरून ठेवला.

"बाई, ती तुमची रॅकेट ना... जुनी झालेली. काढताना बघतो तर..." ह्यांनी ती काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला.

मग उरलेल्या तारांवरून बोट फिरल्याचा आवाज आला.

"काल सरळ होती," बाई म्हणाल्या.

मग हे नको ते बोलले. "काय आहे बाई, कारागीर नवीन आहे. त्याला अक्कल नाय. आजच घरी पाठवतो त्याला. कामावरनं काढतोच."

मी माझ्याच दुकानातून काढली जात होते. दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

"काढू नका," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो ह्यांच्यावर होता. "एका चुकीसाठी कुणाचं काम घालवायचं नाही. बोलवा त्याला बाहेर. काय झालं ते त्यालाच विचारते."

"तो... जेवायला गेलाय."

"अकरा वाजता?"

"लवकर जेवतो."

"बरं. मी थांबते." आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पडद्यावरची निळी फुलं मी मोजत होते आणि मोजणी चुकत होती. मागे दार नव्हतं. मला दारच हवं होतं असंही नाही. मी गप्प राहिले असते तर बाई केव्हातरी उठून गेल्या असत्या. ठाण्याच्या कारागिराने फ्रेम मोडली, एवढंच झालं असतं. त्याला ना नाव, ना चेहरा. पण तो महिनाभर माझ्या नावाचं कौतुक घेत होता, आणि आता ह्यांनी त्याला बिनअकलेचा म्हटलं तेव्हा मला त्याची दया आली. त्याची बाजू सांगायला कुणी नव्हतं. त्याने ते आळसाने केलं नव्हतं. आणि मला ते सगळे आवाज आठवले. आपोआप तुटली हो. आपोआप.

मी पाय खाली ठेवले. पडदा बाजूला केला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनी कपाळावर प्लास्टर मारून घेतलं.

माझे ओठ हलले. आवाज आला नाही. बाई बस म्हणाल्या नाहीत. वाट बघत राहिल्या.

"मी आहे," मी म्हटलं. "कारागीर. मी कापली. आपोआप नाही झालं."

"कशामुळे झालं?"

रॅकेट मी हातात घेतली, म्हणजे खाली बघून बोलता आलं. आणि मी बोलले. जाळं सांगितलं, घरं सांगितली, बाबा काय म्हणायचे ते सांगितलं. उभ्या कशा ओढतात, आडव्या कशा धरतात, आणि मी काय वाचवायला गेले ते. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

बाईंनी रॅकेट माझ्याकडून घेतली. मुठीवरचं झिजलेलं कापड अंगठ्याने घासत राहिल्या. "नऊ वर्षं होती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. गोड काही बोलल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ते बघणं मला त्यांच्या रागापेक्षा जड गेलं.

हे म्हणाले, "बाई, दुकानातली कुठलीही घ्या. नवी."

"नवी हातात बसायला महिना जातो. घरी मुलाची जुनी पडली आहे, तीच आणते." मग माझ्याकडे वळून, "पण ती इथे बाहेर बसून भरायची. माझ्यासमोर."

दुपारी आम्ही दोघांनी तीन हातांनी मशीन बाहेर आणलं. बाई स्टूल टाकून बसल्या. शेजारच्या वडापाववाल्याने मान लांब केली, दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. माझ्या मानेवर घाम. उभ्या झाल्या. आडव्या निम्म्या झाल्या. मग एका भोकात आरी घातली, आणि हात हलला तो मला कळला. पुढच्याच ताणाला टण्ण!

बाई दचकल्या. पिशवीवाली बाई "अगं बाई!" म्हणाली. ह्यांनी तोंड उघडलं.

मी कुणाकडे बघितलं नाही. कात्री घेतली आणि मधोमध घातली. मग त्याच्या शेजारची, मग पलीकडची, मधून कडेला. कोऱ्या तारा, अर्ध्या तासाच्या, एकेक करून सुटल्या आणि फ्रेम मोकळी झाली. तशीच गोल. सगळ्या तारा गोळा करून बाजूला ठेवल्या आणि नवी तार मोजायला घेतली.

बाईंनी स्टूल जरा जवळ ओढलं. "आता का तुटली?"

"आरीचं टोक लागलं." मी तुटलेलं टोक उजेडात धरलं. "हा पांढरा ओरखडा."

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "लिहून ठेवत जा. कोणती तार, कुठे तुटली, का तुटली."

"मला नीट लिहिता येत नाही, बाई. चौथी झालीय फक्त."

"चौथीपर्यंत सगळी जोडाक्षरं होतात," त्या म्हणाल्या. "आणखी काय लागतं?"

मॅच त्या हरल्या. डी विंगकडूनच. पण तार शाबूत राहिली.

मग मी लिहायला घेतलेली वही म्हणजे हीच. पहिल्या पानांवर नुसत्या तारा आहेत. 'वरून तिसरी आडवी, भोकाशी, नळी झिजलेली.' 'मधली उभी, थंडीने.' मग केव्हा तरी तारांच्या मधे मधे बाकीचंही यायला लागलं. ह्यांची बोटं बरी झाली, पण दोन्ही पूर्वीसारखी वळत नाहीत, त्यामुळे मशीन माझ्याकडेच राहिलं. पडदा आता मशीनवर टाकतो, धूळ बसू नये म्हणून. ती बसकी रॅकेट बाईंनी नेली नाही. ती अर्ध्या तारांसकट खिळ्यावर आहे. एकदा बाबा आले होते तेव्हा त्यांनी ती काढून हातात फिरवली.

"एकाच दोऱ्याचा हाय? अन गाठी दोनच?"

"हो."

"मंग तुटंल नाय तर काय व्हईल," ते म्हणाले आणि परत अडकवून ठेवली.

नवं गिऱ्हाईक विचारतं, ही कुणी मोडली? हे माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "मी." दिवसातून एखादवेळी तो एक शब्द बोलावा लागतो. आता जमतो.

तर काल. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मोघे बाई आल्या. हातात मुलाची ती जुनी रॅकेट, एक तार तुटलेली. काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "एकच तुटली आहे. बाकीच्या चांगल्या आहेत. वाचवता का?"

मी हसले. हेसुद्धा हसले. मग मी सहज म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा तुम्हाला केवढा धक्का बसला असेल."

"कसला धक्का? जोडवी मला आठवडाभर आधीच दिसली होती. पडद्याखालून. तुम्ही पाय वर घ्यायला विसरला होतात."

म्हणजे काढू नका, त्याला बोलवा, असं म्हणताना त्यांना सगळं माहीत होतं. "मग तेव्हाच का नाही बोलला?"

"वर्गात हात वर न करणारी मुलं मला ओळखू येतात," बाई म्हणाल्या. "त्यांना नाव घेऊन उठवायचं नसतं. थांबायचं असतं." आणि घड्याळाकडे बघत, "हं, चला, मला सहाला खेळायचं आहे."

मी कात्री घेतली. मधोमध घातली.